गार्डनं हात वर केला

सेर्राच्या डोंगराला आग लागली त्या दिवशी दोनाता खालच्या शहरात, बाजाराच्या चौकात गाड्या वळवत उभी होती. सान रोक्कोची ऑगस्टातली जत्रा होऊन गेली तरी उकाडा उतरला नव्हता. वसंतानंतर पावसाचा थेंब नव्हता. डांबर बुटाच्या तळाला चिकटत होतं, आणि शिट्टी वाजवून वाजवून तिच्या ओठांची सालं निघाली होती. टरबुजांनी भरलेला ट्रॅक्टर तिच्यापाशी हळू झाला.

"मॅडम, तुमच्या गावाकडं बघा जरा," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

तिनं मान वळवली. मोंतेस्पिनोच्या वरच्या अंगाला धूर उठला होता. एखादा शेतकरी बांधावर पाचोळा पेटवतो तसला तो पांढरा, सरळ धूर नव्हता. खाली पिवळा, वर काळा, आणि एका कुशीवर कललेला. बदलीचा माणूस आल्याशिवाय चौक सोडायचा नाही, असा नव्या पोलीस पथकाचा नियम होता. बदलीचा माणूस तिन्हीसांजेला आला. तोवर ती डोंगराकडे पाठ करून हात हलवत राहिली. डोक्यावरून पाण्याची विमानं गेली तेव्हा बाजारातल्या सगळ्यांनी वर पाहिलं, तिनं पाहिलं नाही.

घरी पोचली तेव्हा बाप अंगणातल्या दगडी कुंडीवर हात धूत होता. कोपरापर्यंत साबण लावलेला. कानियोचं वय अठ्ठ्याहत्तर, पण पाठ अजून ताठ. तिची चाहूल लागली तरी त्यानं तोंड वर केलं नाही.

"आलीस?"

"आले."

"चौकात गर्दी होती?"

"होती. बाबा, इकडे बघा."

त्यानं पाहिलं. भुवया नव्हत्या. त्यांच्या जागी तांबूस, सुजलेली कातडी होती आणि कपाळावरचे केस टोकांना कुरळे होऊन पिवळे पडले होते.

"हे काय?"

"चुलीवर वाकलो होतो. भडका उडाला."

"ऑगस्टात चूल?"

"कॉफी ठेवली होती गं. पोलिसासारखी विचारू नकोस."

ती पोलीसच होती. तिच्या आधी तोही होता. तिनं घरातून तेलाची बाटली आणली आणि बोटानं त्याच्या कपाळाला तेल लावलं. तो डोळे मिटून उभा राहिला. त्याच्या सदऱ्याला, केसांना, कानांच्या मागच्या सुरकुत्यांना धुराचा वास येत होता. मग दोघं जेवायला बसली. पाण्यानं मऊ केलेला शिळा पाव, वर टोमॅटो, कांदा, तेल. बाप नेहमीसारखा जेवला. ताट पुसून घेतलं. दोनाताला घास उतरेना, कारण तिला सगळं कळलं होतं.

मोंतेस्पिनोत दर वर्षी जत्रेनंतर सेर्राची वाळली चराई जाळत. जाळल्यावर पहिल्या सरीला जे गवत फुटतं त्याची गोडी मेंढीला दुसऱ्या कशाची नाही. कायद्यानं ते कधीच बंद झालं होतं, पण कायदा खाली छापला जायचा आणि वर यायला त्याला वेळ लागायचा. तोवर वर कायदा म्हणजे कानियो. तो नोकरीला लागला तेव्हा त्याला रानाचा गार्ड म्हणत. छातीला पितळेचा बिल्ला, बुडाखाली खेचर. कुणाची शेळी कुणाच्या हरभऱ्यात शिरली ते बघायचं, पाटाच्या पाण्याच्या पाळ्या लावायच्या, बाजारात वजनं तपासायची, पिसाळलेलं कुत्रं मारायचं, मयतीच्या पुढं पालिकेचा झेंडा धरायचा. पुढं सरकारनं त्याला पांढरी टोपी दिली, मग दंडाची पावती दिली, मग हुद्द्याचं नाव बदललं, मग परत बदललं. गावानं नाव बदललं नाही. गावाला तो गार्डच होता.

आणि चराई जाळायच्या दिवशी गार्डच लागायचा. बाया-बाप्ये ओल्या गोण्या आणि ओकच्या हिरव्या फांद्या घेऊन रानाच्या कडेनं रांगेत उभे राहत. तो बोट ओलं करून वाऱ्यात धरायचा, झाडांच्या शेंड्यांकडे बघायचा, आणि हात वर करायचा. त्यानं हात वर केल्याशिवाय कुणी काडी ओढत नसे. दोनाता लहानपणी त्या रांगेत आईच्या शेजारी उभी असायची, हातात आपल्या उंचीची फांदी घेऊन.

बाप निवृत्त झाला, दोनाता त्याच्या जागी लागली, आणि ती लागल्यापासून चराई जळाली नव्हती. तिनं जाळू दिली नव्हती. पण गेल्या हिवाळ्यापासून सात गावांचं मिळून एकच पथक झालं होतं, आणि आठवड्यातले चार दिवस तिला खाली बोलावत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वर गेली. चराई काळी झाली होती, ते काही नवं नव्हतं. पण आग चराई ओलांडून ओकच्या रानात शिरली होती. खोडं उभी होती आणि त्यांच्या आतून धूर येत होता. जमीन बुटातून पोळत होती. रानाच्या पोटात झरा होता. वरच्या कुरणाकडे जाणारी वाट त्याच रानातून होती, आणि दुपारच्या उन्हात मेंढ्या बसायच्या त्या त्याच सावलीला. झऱ्यापाशी मेंढपाळ मिंगोच्या मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून मेल्या होत्या. लोकर जळून गेली होती, पोटं फुगली होती.

त्राइचे त्यांना पायांना धरून ओढत होता. तो मिंगोचा गडी, मॅसेडोनियाचा. बरीच वर्षं झाली होती त्याला इथं येऊन. गोठ्याच्या माळ्यावर राहायचा, रविवारी चौकात पत्ते खेळायचा आणि हरला की आपल्या भाषेत शिव्या द्यायचा, त्या आता गावातल्या पोरांनाही येत होत्या. त्यानं दोन्ही हातांना फडकी गुंडाळली होती. फडक्यांतून पाणी झिरपत होतं.

"हात दाखव," दोनाता म्हणाली.

"नंतर. आधी ह्या. माशा येतील."

मिंगो एका दगडावर बसला होता. बापाचा लहानपणापासूनचा सोबती; दोनाताचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यानंच तिला हातात धरलं होतं.

"मिंगोकाका, डॉक्टरकडे पाठवा ह्याला."

"पाठवतो." त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. "तुझ्या बापाला सांग, दोन-चार दिवस इकडं फिरकू नको म्हणावं. उन्हात. ह्या वयात."

तिच्या गाडीत पाट्या होत्या. मेयरनी सकाळीच सही केली होती. रानाच्या तोंडाशी जळला नव्हता अशा एका खांबाला तिनं पहिली पाटी ठोकली. जळालेल्या रानात दहा वर्षं चराई बंद.

मिंगो उठून जवळ आला आणि चष्मा नसल्यामुळं पाटीला नाक लावून वाचू लागला.

"दहा वर्षं."

"रान परत उगवायला तेवढी लागतात, काका. कायदा आहे."

"मेंढी किती जगते ते ठाऊक आहे का त्या कायदा लिहिणाऱ्याला? आणि मी किती जगतो?" तो हसल्यासारखं करून खोकला. "झरा आत, वाट आत. आम्ही काय, मेंढ्यांना खांद्यावर घेऊन उडायचं? तुझ्या बापानं असली पाटी कधी ठोकली नव्हती."

"बाबांच्या वेळी रान जळलं नव्हतं."

मिंगो पाटीपासून मागं सरला. त्राइचे एक मेंढी ओढता ओढता थांबला आणि दोघांकडे बघू लागला, मग पुन्हा वाकला.

त्या दिवसापासून गावातले उरलेसुरले कळप वाड्यांत कोंडले गेले. कानियोच्याही मूठभर मेंढ्या होत्या. दोनाता कामावर जायच्या आधी गावच्या नळावरून डबे भरून आणायची. नळाला करंगळीएवढी धार. मेंढ्या डब्याच्या आवाजानंच ओरडायला लागत, एकमेकींच्या पाठीवर चढत. बाप पेंढा सोडायचा. पेंढ्यावर दूध येत नाही. तो दूध काढायला बसायचा आणि भांड्यात वाजेल एवढंही पडायचं नाही, तरी सगळ्यांची आचळं एकेक करून पिळायचा.

वनखात्याचे पोलीस आले. त्यांच्यात एक सार्जंट होता, तरुण, उत्तरेकडचा, नम्र. त्यांनी राखेत लहान लहान झेंडे रोवले. दगडाची कुठली बाजू काळी, गवताची खुंटं कुठं कललेली, असं बघत बघत ते खाली उतरत आले आणि मिंगोच्या गोठ्याखालच्या बांधाशी थांबले. आग तिथून निघाली होती.

गोठ्यासमोर त्यांनी सगळ्यांना उभं केलं. दोनाताला त्यांच्या बाजूला उभं राहावं लागलं, गणवेशात होती म्हणून.

"तुम्ही इथल्याच," सार्जंट तिला म्हणाला. "तुम्हाला अंदाज असेल. कुणाचं काम?"

"मी त्या दिवशी खाली ड्यूटीवर होते," दोनाता म्हणाली. हे खरं होतं.

"तुम्ही?" त्यानं मिंगोला विचारलं.

"मी झोपलो होतो. दुपारचं माणूस काय करणार?"

"आणि हा?"

मिंगोनं टोपी काढली, आतली घामाची कड पुसली, परत घातली. "हा वर होता. मेंढ्यांपाशी."

"कोणाबरोबर?"

"एकटाच."

त्राइचेनं मान झटकन वळवून मिंगोकडे पाहिलं. त्याला शब्द नीट ऐकू आला नसावा अशा चेहऱ्यानं.

"हात दाखव," सार्जंट म्हणाला.

त्यानं दाखवले. फडकं सोडताना कातडी फडक्याबरोबर आली. तो दातांवर दात दाबून उभा राहिला.

"हे कसं झालं?"

"विझवत होतो. फांदी घेऊन."

"एकटा?"

त्यानं फडकं पुन्हा हाताला गुंडाळायला घेतलं.

"कोणी लावली ते पाहिलंस?"

त्राइचेनं पुन्हा मिंगोकडे पाहिलं. ज्याच्या माळ्यावर झोपायचं, ज्याच्या ताटात जेवायचं, त्याच्याकडे. मग दोनाताकडे पाहिलं. "गार्ड, तू सांग ना. तू मला ओळखते."

"ह्याच्याविरुद्ध आधी काही तक्रार?" सार्जंटनं तिला विचारलं.

"कधीच नाही. चांगला माणूस आहे."

"चांगल्या माणसांच्या हातूनही सिगारेट पडते, मॅडम."

त्यांनी त्याला गाडीत बसवलं. हातांना बेड्या घालता येईनात म्हणून हात तसेच मोकळे ठेवले. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर मिंगो गोठ्यात गेला आणि आतून दार लावून घेतलं.

संध्याकाळी बाप वाड्यात तिवईवर बसला होता, मेंढी दोन गुडघ्यांत धरून. दोनाता दारात उभी राहिली.

"नेलं त्याला?" त्यानं विचारलं.

"नेलं."

"मिंगो काय म्हणाला?"

"म्हणाला, एकटाच होता."

बापानं मेंढी सोडली. ती दोन पावलं जाऊन उभी राहिली, कारण जायला जागा नव्हती.

"वारा पडला होता, पोरी," तो म्हणाला. "पान हलत नव्हतं. मिंगो सकाळी घरी आला. म्हणाला, गार्ड, मेंढ्या मरतात, आता एक सर पडली आणि खाली राख असली तर वाचतील. आज दिवस आहे का बघ. मी गेलो. बोट ओलं करून धरलं. चारी बाजूंनी धरलं. दिवस होता."

"मी वाऱ्याचं विचारलं नाही. माणसं किती होती?"

त्यानं पायाजवळचं रिकामं भांडं बाजूला सरकवलं.

"बाबा, रांगेत माणसं किती होती?"

"मी. मिंगो. तो सुताराचा आंतोनिओ, काठी घेऊन. आणि त्राइचे."

"चौघं."

"चौघं." त्यानं आपले हात गुडघ्यांवर पालथे ठेवले. "मी वारा बघितला. माणसं बघितली नाहीत. इतकी वर्षं कधी बघावी लागली नव्हती गं. मागं वळून बघायचंच नसतं तेव्हा, नजर शेंड्यावर ठेवायची. मी हात वर केला, मिंगोनं काडी लावली, आणि मग मी मागं वळलो तर कडेला कुणीच नव्हतं."

दोनाता दाराच्या चौकटीला टेकली. तिच्या डोळ्यांसमोर ती कड आली. एका टोकाला काठीवर टेकलेला आंतोनिओ, दुसऱ्या टोकाला त्राइचे धावतोय, मधे सगळं मोकळं.

"उद्या तुझ्याबरोबर खाली येतो," बाप म्हणाला.

"कशाला?"

"सांगायला."

"मेंढ्यांना पाणी कोण घालणार?" ती म्हणाली. ती असं का म्हणाली ते तिला पुढं कधीच कळलं नाही.

"आल्यावर घालू," बाप म्हणाला.

सकाळी तो गणवेश घालून तयार होता. डगला खांद्यांवर सैल झाला होता, पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं होतं. पांढरी टोपी त्यानं मांडीवर धरली आणि वाटभर एक शब्द बोलला नाही.

पथकाची कचेरी नवी होती, काचेच्या दारांची. दाराशी बसलेल्या मुलीनं विचारलं, "आजोबा, कुणाकडे काम आहे?"

"मी मोंतेस्पिनोचा गार्ड."

"मोंतेस्पिनोला तर दोनाता मॅडम आहेत ना?" मुलगी हसली. मग दोनाताला मागे पाहून हसू आवरलं.

कमांडर लोव्हाल्लो चांगला माणूस होता. त्यानं उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं. कानियो बसला नाही. टाचा जुळवून, टोपी काखेत धरून उभा राहिला आणि बोलायला लागला. अहवाल द्यायचा तर सुरुवातीपासून द्यायचा, असं त्याला शिकवलेलं होतं. म्हणून त्यानं खेचरापासून सुरुवात केली. मग रांग कशी लावायची ते सांगितलं. वरच्या टोकाला रोसारिया, कारण तिचा आवाज मोठा. तिच्याखाली लोहाराची तिन्ही पोरं. मग पाद्र्याची बहीण. मग माझी बायको, पोरीला घेऊन. तो एकेक नाव घेत होता आणि हातानं हवेत त्यांची जागा दाखवत होता. ती सगळी माणसं मेलेली होती, नाहीतर बेल्जियमला, तोरिनोला, अर्जेंटिनाला गेलेली होती.

"म्हणजे ही सगळी त्या दिवशी तिथं होती?" कमांडरनं हळूच विचारलं.

"नव्हती. तेच तर सांगतोय. मी हात वर केला आणि ती नव्हती."

कमांडरनं दोनाताकडे पाहिलं. तिला डोळ्यांनी बाहेर बोलावलं. कॉरिडॉरमध्ये त्यानं दार लोटलं, पण ते दार आपोआप थोडं उघडणारं होतं.

"असं कधीपासून आहे, दोनाता?"

ती त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघत राहिली. सांगायचं ते एका वाक्याचं होतं. भुवयांचं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण मग ते वाक्य त्याच दिवशी का सांगितलं नाही, हे दुसरं वाक्य आलं असतं, आणि तिसऱ्या वाक्यात तिचा गणवेश गेला असता, आणि चौथ्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांचा बाप, त्या टोपीसकट, त्राइचेच्या शेजारच्या कोठडीत.

"आई गेल्यापासून," ती म्हणाली.

"माझ्या वडिलांचंही शेवटी असंच झालं होतं." कमांडरनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "घरी घेऊन जा. आजची रजा मी लावतो."

ती आत आली. बाप तसाच उभा होता, टाचा जुळवून. तो दाराकडे बघत होता. आत येणाऱ्या तिच्याकडे त्यानं एकदाच पाहिलं, आणि तिला कळलं की त्यानं ऐकलंय.

"चला बाबा," तिनं त्याचा कोपर धरला.

त्यानं कोपर सोडवून घेतला नाही. कचेरीतली सगळी माणसं उभी राहून बघत होती, तेव्हा पाऊल अडखळल्यासारखं तो तिच्या हाताला धरून हळूहळू बाहेर आला. तिच्या आठवणीत तो असा कधी चालला नव्हता.

त्यानंतर तो बोलेनासा झाला असं गाव म्हणायचं. घरी तो बोलायचा, लागेल तेवढं. मीठ दे. पाऊस येईल. चौकात मात्र कुणी "काय गार्ड?" म्हटलं तर तो त्याच्याकडे नुसता बघायचा, आणि मिंगोला दिसला की वाट बदलायचा. पाऊस आला, पण उशिरा आणि एकदम, आणि सेर्रावरची सगळी राख गावच्या रस्त्यांवरून वाहून गेली. नोव्हेंबरात व्यापाऱ्याचा ट्रक आला. मेंढ्या फळीवरून वर चढेनात, तेव्हा कानियोनं पुढं होऊन म्हाताऱ्या मेंढीच्या कानाला धरलं आणि तिला स्वतः आत नेलं. बाकीच्या तिच्यामागं चढल्या. मिंगोनंही उरलेल्या विकल्या. नाताळाआधी गावातली पोलिसांची खोली बंद झाली, आणि दोनाताला पाचही दिवस खाली जावं लागू लागलं.

फेब्रुवारीत त्राइचेची वकील वर आली. सरकारनं नेमून दिलेली, बर्फातून शहरी बुटांनी चालत. ओल्या पायांनी ती स्वयंपाकघरात चुलीशी बसली.

"तो काहीच बोलत नाही," ती म्हणाली. "मला म्हणतो, गावाला विचारा. मी सगळ्यांना विचारून आले. सगळे झोपले होते म्हणे. इथं दुपारी इतकी झोप येते का हो?"

"हात कसे आहेत त्याचे?" दोनातानं विचारलं.

"एका हाताची बोटं मिटत नाहीत. पुढच्या महिन्यात खटला उभा राहतोय आणि माझ्याकडे एकही साक्षीदार नाही."

बाप खिडकीशी बसला होता. दोनातानं स्टोव्हवरचं पातेलं उतरवलं, हात पुसले, आणि सांगितलं. भुवयांपासून कॉरिडॉरपर्यंत सगळं. वकिलीण भराभर लिहून घेत होती. मधेच थांबून तिनं दोनाताकडे पाहिलं, मग परत लिहायला लागली.

"सही कराल?"

"करीन."

"तुमची नोकरी—"

"जाऊ दे."

वकिलीण खिडकीकडे वळली. तिचा आवाज बदलला, उजळला. "आजोबा, तुम्ही त्या दिवशी सेर्रावर होतात ना? तुम्हीच खूण केलीत?"

कानियोनं तिच्याकडे पाहिलं. मग त्याचा खालचा ओठ सैल सुटला.

"कुठली सेर्रा?"

"बाबा," दोनाता म्हणाली.

"मी गार्ड आहे. माझं खेचर कुणी सोडलं?" तो खिडकीच्या काचेवर बोट फिरवू लागला. "माझी बायको गेली ना, तेव्हापासून माझं डोकं ठीक नसतं. पोरीचंही नाही. ती काहीही सांगते. एकटी पडली ना."

वकिलिणीनं वही मिटली. मग तिनं पेनाला टोपण लावलं.

"तुमच्या कमांडरांना मी परवा भेटले होते," ती दोनाताला म्हणाली. "त्यांनी सांगितलं होतं वडिलांचं. तुम्हीच त्यांना सांगितलं होतं म्हणाले." तिनं आवाज खाली आणला. "तुम्ही स्वतः तिथं नव्हता. तुम्ही पाहिल्या त्या फक्त भुवया, आणि त्यांनी घरी कबूल केलं असं तुमचं म्हणणं. ते असे. कोर्टात मी ह्याचं काय करू?"

"ते नाटक करताहेत."

"बरं," वकिलीण म्हणाली. वेड्या माणसाच्या घरच्यांना म्हणतात तसं.

दोनाता तिला दारापर्यंत पोचवायला गेली. बर्फात तिची पावलं खोल उमटत गेली आणि रस्त्याच्या वळणावर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

ती परत आली तेव्हा बापानं खुर्ची टेबलाशी ओढून घेतली होती. दोघांची ताटं मांडली होती, पाव कापला होता. सारखे, पातळ काप.

"गेली?" त्यानं विचारलं.

"गेली."

"नोकरीवर तुला टिकू देतील आता."

"बाबा, तो आत आहे. त्याची बोटं मिटत नाहीत."

"ऐकलं मी." त्यानं तिचं ताट तिच्याकडे सरकवलं. "बस. निवतंय."

ती बसली.